बाहेर थांबलेली माणसं

ब्लॉगवर शेवटचं काही टाकून चारेक महिने झाले असतील. वेळ नव्हता वगैरे नेहमीची कारणं आहेतच, ती सांगत बसत नाही. आज लिहायला बसलोय ते आतेबहिणीच्या फोनमुळे. परवा रात्री तिचा फोन आला. म्हणाली, "तू मागे एका इंग्रजी सिरियलबद्दल सांगत होतास ना, पाच भागांची, ती पाहून संपवली. शेवटचा भाग पाहिल्यावर झोपच लागली नाही रे. तू त्याच्यावर लिही." मी म्हटलं, लिहायचं तर नुसत्या त्या एका सिरियलवर लिहून भागणार नाही, त्याच लेखकाच्या आधीच्या एका सिरियलपासून सुरुवात करावी लागेल. "मग कर की," म्हणाली. तर ही सुरुवात.

एक आधीच सांगून टाकतो. दोन्ही मालिका गे पुरुषांच्या आयुष्यावर आहेत. ब्लॉगवाल्या मित्रमंडळींना त्यात विशेष काही वाटणार नाही. पण हा ब्लॉग आमचे बरेच नातेवाईकही वाचतात (आणि वाचून आईला फोन करतात!). त्यांना विनंती, की मध्येच बंद करू नका, शेवटपर्यंत वाचा. शेवट मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे. आणि ज्यांना मालिका पाहायच्या आहेत त्यांनी सावध राहा, कारण कोण जगतं, कोण मरतं हे सगळं मी सांगणार आहे.

*

२००२ साली कंपनीने मला मँचेस्टरला पाठवलं. वय पंचवीस, सोबत प्रेशर कुकर आणि आईने दिलेला गोडा मसाला. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने पहिल्याच महिन्यात मला काही व्हिडिओ कॅसेट्स आणून दिल्या आणि म्हणाला, तुमच्या भारतात मँचेस्टर म्हणजे फुटबॉल, पण आमचं शहर बघायचं असेल तर हे बघ. मालिकेचं नाव 'क्वीअर ॲज फोक'. उत्तर इंग्लंडात एक म्हण आहे, तिचा अर्थ साधारण 'माणसांइतकं तऱ्हेवाईक जगात काही नाही' असा. 'क्वीअर' म्हणजे विचित्र, आणि तीच समलिंगी लोकांना द्यायची शिवीसुद्धा. नावात दोन्ही अर्थ आहेत.

खरं सांगायचं तर पहिला भाग पाहताना मी खोलीचा पडदा लावून घेतला होता. समोरच्या घरात कुणी राहतसुद्धा नव्हतं!

चॅनल फोरवर ही मालिका २३ फेब्रुवारी १९९९ ला सुरू झाली. पहिल्या पर्वाचे आठ भाग, आणि २००० मध्ये आणखी दोन. लेखक रसेल टी. डेव्हिस (पुढे २००५ मध्ये 'डॉक्टर हू' नव्याने सुरू केली तेच). गोष्ट तिघांची. स्टुअर्ट हा देखणा, पैसेवाला, कुणाची पर्वा न करणारा. व्हिन्स सुपरमार्केटमध्ये नोकरी करणारा, 'डॉक्टर हू'च्या जुन्या टेप्स जपणारा आणि शाळेपासून मनातल्या मनात स्टुअर्टवर प्रेम करणारा. आणि नेथन, पंधरा वर्षांचा शाळकरी मुलगा, एका रात्री घरच्यांना न सांगता कनाल स्ट्रीटवर येऊन उभा राहतो तो.

कनाल स्ट्रीट ही खरीच गल्ली आहे, रॉचडेल कालव्याच्या काठाने जाणारी. स्टेशनवरून चालत पाच-सात मिनिटं. मी गेलो तेव्हा एक साधी गोष्ट लक्षात आली, की तिथल्या बारना मोठाल्या काचा होत्या. मला त्यात काही नवल वाटलं नाही, पण सहकारी म्हणाला की पूर्वी अशा जागांना काळ्या केलेल्या खिडक्या असायच्या, दार वाजवल्यावर आधी आतून बघायचे आणि मग उघडायचे. १९९० च्या सुमारास 'मँटो' नावाचा बार निघाला आणि त्याने रस्त्याच्या बाजूला सरळ काच लावली. आतली माणसं बाहेरून दिसू लागली. मला माझा पडदा आठवला.

त्या गल्लीलगत एक लहानशी बाग आहे. तिथल्या बाकावर ॲलन ट्युरिंगचा पुतळा बसलाय, हातात सफरचंद घेऊन. कॉम्प्युटर शिकलेल्या माणसाला हे नाव सांगावं लागत नाही, पण ते शिकताना त्याच्याबद्दलची दुसरी गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नव्हती. १९५२ मध्ये समलिंगी संबंधांच्या गुन्ह्याखाली त्याला अटक झाली. तुरुंग की हार्मोनची इंजेक्शनं असा पर्याय मिळाला, त्याने इंजेक्शनं घेतली आणि १९५४ मध्ये तो गेला. पुतळा बसला २००१ साली. सरकारी माफी यायला २०१३ उजाडलं. २०२१ पासून पन्नास पौंडांच्या नोटेवर त्याचा चेहरा आहे.

*

ट्युरिंगपासून नेथनपर्यंतचा रस्ता थोडक्यात सांगायला हवा, नाहीतर १९९९ ची खळबळ कळणार नाही.

इंग्लंड-वेल्समध्ये समलिंगी संबंध गुन्ह्यातून बाहेर आले १९६७ मध्ये. पण वयाची अट २१, आणि तेही फक्त खासगीत. स्त्री-पुरुषांसाठी मात्र वय १६. १९९४ मध्ये २१ चं १८ झालं. म्हणजे मालिकेतला नेथन कायद्याच्या हिशेबाने तीन वर्षांनी लहान होता. त्यामुळे वर्तमानपत्रं पेटली, प्रेक्षकांच्या तक्रारी गेल्या, बेक्स या बिअर कंपनीने प्रायोजकत्व काढून घेतलं. गंमत म्हणजे (गंमत नव्हेच) मालिका सुरू होती त्याच महिन्यांत पार्लमेंटमध्ये हे वय सगळ्यांसाठी १६ करायची चर्चा चालू होती. कॉमन्सनी मंजूर केलं, एप्रिल १९९९ मध्ये लॉर्ड्सनी अडवलं. शेवटी सरकारला लॉर्ड्सना बाजूला ठेवून कायदा करावा लागला आणि जानेवारी २००१ मध्ये तो लागू झाला. आणि त्याच एप्रिलच्या ३० तारखेला लंडनमध्ये सोहो भागातल्या ॲडमिरल डंकन या गे पबमध्ये एका माणसाने खिळे भरलेला बॉम्ब ठेवला. तीन माणसं गेली, त्यातली एक गरोदर बाई होती.

म्हणजे ही मालिका सगळं ठीकठाक झाल्यावर आलेली नव्हती. आणखी एक कायदा तर चालूच होता, १९८८ चं 'कलम २८'. स्थानिक संस्थांनी समलैंगिकतेला 'उत्तेजन' द्यायचं नाही, असं ते कलम. प्रत्यक्षात अर्थ असा झाला, की शाळेत शिक्षक या विषयावर तोंड उघडायला घाबरू लागले. त्याच्या विरोधात मँचेस्टरमध्ये हजारो लोकांचा मोर्चा निघाला. स्कॉटलंडमध्ये ते २००० साली गेलं, इंग्लंडमध्ये २००३ मध्ये. मी मँचेस्टरला होतो तेव्हा ते कायद्याच्या पुस्तकात होतं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

टीव्हीवर गे माणसं त्याआधी दिसली नव्हती असं नाही. १९७५ मध्ये 'द नेकेड सिव्हिल सर्व्हंट' आला होता, क्वेंटिन क्रिस्पच्या आयुष्यावर, जॉन हर्टने त्याची भूमिका केलेली. 'ईस्टएंडर्स' या रोजच्या बघण्यातल्या मालिकेत १९८७ मध्ये एका पुरुषाने दुसऱ्याच्या कपाळावर ओठ टेकले तरी गदारोळ झाला होता. पण या गोष्टींत गे माणूस बहुतेक एकटा असायचा, इतरांच्या गल्लीत राहणारा. डेव्हिसने गल्लीच त्यांची केली. त्यात प्रेम होतं, हेवेदावे होते, वाढदिवस होते, आणि मुख्य म्हणजे आया होत्या! व्हिन्सची आई हेझल मुलाबरोबर बिनधास्त बारमध्ये बसते, आणि घर सोडून आलेल्या नेथनला आपल्या घरी ठेवून घेते. नेथनची आई आधी हादरते, रडते, पण पुढे मुलाला शोधत त्याच गल्लीत येते. त्या भागानंतर मी घरी आईला फोन लावला होता. मालिकेबद्दल अर्थातच बोललो नाही. वरणाला फोडणी कशाची द्यायची ते विचारलं.

*

या मालिकेत एक गोष्ट नव्हती. मला ती तेव्हा जाणवलीच नाही. एड्स.

तेव्हाही काही गे प्रेक्षकांनी ही तक्रार केली होती, की इतक्या मोठ्या साथीबद्दल चकार शब्द कसा नाही? डेव्हिसने पुढे सांगितलं की ते मुद्दाम होतं. आमची आयुष्यं फक्त एका रोगाने ओळखली जावीत हे मला नको होतं, अशा अर्थाचं त्याचं म्हणणं.

हे म्हणणं समजून घ्यायला ऐंशीच्या दशकात जावं लागतं. ब्रिटनमधल्या पहिल्या काही बळींपैकी एक टेरेन्स हिगिन्स. जुलै १९८२ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात तो गेला, वय ३७. त्याच्या मित्रांनी त्याच्या नावाने सुरू केलेली संस्था आजही आहे. तेव्हा या आजाराला धड नावसुद्धा नव्हतं. मग वर्तमानपत्रांनी 'गे प्लेग' असं नाव पाडलं. १९८६ च्या अखेरीस मँचेस्टरचा पोलीस प्रमुख जेम्स अँडरटन जाहीरपणे म्हणाला, की ही माणसं स्वतःच केलेल्या घाणीच्या खड्ड्यात गरगरताहेत. हा त्याच शहराचा पोलीस प्रमुख, जिथे पुढे तो काचेचा बार निघाला.

१९८७ मध्ये सरकारने घरोघरी पत्रकं वाटली आणि टीव्हीवर जाहिरात दाखवली. काळोख, फुटणारा डोंगर, थडग्याच्या दगडावर कोरली जाणारी एड्सची अक्षरं. पाहणाऱ्यांच्या ती अजून लक्षात आहे. त्यामागचा आवाज होता जॉन हर्टचा. तोच, ज्याने बारा वर्षांपूर्वी क्वेंटिन क्रिस्प उभा केला होता! कुणी ठरवून केलं नसणार. पण त्या बारा वर्षांत काय झालं ते या एका आवाजावरून कळतं. त्याच वर्षी राजकुमारी डायना लंडनच्या एका हॉस्पिटलात एड्सच्या रुग्णाला हातमोजे न घालता भेटली, हात हातात घेतला, आणि त्याची जगभर बातमी झाली. हात मिळवला एवढीच ती बातमी.

१९९६ मध्ये तीन औषधं एकत्र द्यायचे उपचार आले आणि मृत्यू झपाट्याने खाली येऊ लागले. 'क्वीअर ॲज फोक' त्यानंतर तीन वर्षांनी आली. पंधरा वर्षं थडग्यांशीच नाव जोडलं गेलेल्या माणसांना कुणीतरी नाचताना दाखवायला हवं होतं, असं मला आता वाटतं. तेव्हा गाळलं ते बरोबरच होतं. पण गाळलेलं डेव्हिसच्या डोक्यातून गेलेलं नव्हतं. त्याचा जन्म १९६३ चा. १९८१ मध्ये तो अठराचा होता.

*

'इट्स अ सिन' आली २२ जानेवारी २०२१ ला. हीसुद्धा चॅनल फोरवर. सहजासहजी नाही आली. बीबीसी आणि आयटीव्हीने नकार दिला, चॅनल फोरनेही आधी नाहीच म्हटलं होतं. आठ भागांची कल्पना पाचावर आली. मालिका सुरू झाली तेव्हा तिकडे कोविडचा लॉकडाउन, लोक घरात कोंडलेले, रोज मृत्यूंचे आकडे. अशा वेळी साथीवरची मालिका कोण पाहील? पण पाहिली. मालिकेपाठोपाठ फेब्रुवारीत एचआयव्ही चाचणीचा सप्ताह आला, तेव्हा घरपोच चाचणी-किटची मागणी आधीचे सगळे आकडे ओलांडून गेली. (आज नियमित औषधं घेऊन विषाणू चाचणीत दिसेनासा झालेल्या माणसाकडून शारीरिक संबंधांतून दुसऱ्याला लागण होत नाही. हे अजून आपल्याकडे अनेकांना माहीत नाही, म्हणून लिहून ठेवतो.)

गोष्ट १९८१ ते १९९१ ची. आइल ऑफ वाइट या बेटावरून लंडनला शिकायला आलेला रिची, नायजेरियन घरातून पळालेला रॉस्को, वेल्सहून शिंप्याच्या दुकानात कामाला आलेला भिडस्त कॉलिन, ॲश मुखर्जी (आडनावावरून कळलंच असेल), आणि या सगळ्यांची मैत्रीण जिल. एका फ्लॅटमध्ये सगळे राहतात, फ्लॅटचं नाव पिंक पॅलेस. जिल बेतलीय ती डेव्हिसच्याच जिल नाल्डर या मैत्रिणीवर. त्या काळात तिने कितीतरी मित्रांची आजारपणं काढली, आणि मालिकेत ती स्वतः जिलच्या आईचं काम करते.

मालिकेत माणसं 'घरी' जातात. एखादा मित्र खोकू लागतो, बारीक होतो, आणि मग कळतं की तो घरी गेला. परत येत नाही. आपण 'गावी गेलाय' म्हणतो ना, तसं. ग्रेगरी नावाचा एकजण ग्लासगोला घरी जातो. तो गेल्यावर घरचे अंगणात त्याच्या वस्तू जाळतात. फोटो, कपडे, सगळं.

ॲशला एका शाळेत काम मिळतं आणि सांगण्यात येतं, की लायब्ररीत समलैंगिकतेला उत्तेजन देणारं काही आहे का बघ आणि काढून टाक. हेच ते कलम २८. तो सगळी कपाटं तपासतो आणि येऊन सांगतो, की काढण्यासारखं काहीही सापडलं नाही, कारण मुळात तिथे काही नाहीच. मला हा प्रसंग मृत्यूंपेक्षाही जास्त लागला.

आणि कॉलिन. आजारी पडल्यावर त्याला हॉस्पिटलात कुलूप लावून ठेवतात. ही कल्पनेची भरारी नाही. १९८५ मध्ये ब्रिटनने संसर्गजन्य रोगांचे नियम एड्सला लागू केले आणि त्याच वर्षी मँचेस्टरच्या मॉन्सल हॉस्पिटलात एका रुग्णाला कोर्टाच्या आदेशाने डांबून ठेवलं होतं. थोड्याच दिवसांत अपिलात तो आदेश रद्द झाला.

इथे मला थांबावंच लागलं, कारण हे मी आधी वाचलं होतं, आणि इंग्लंडबद्दल नाही. गोव्याबद्दल.

*

१९८९ च्या फेब्रुवारीत गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी बोलावून घेतलं. तो नियमित रक्तदान करायचा, त्यातून त्याला एचआयव्ही असल्याचं सरकारी यंत्रणेला कळलं होतं. त्याला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा माणसाला वेगळं डांबायची तरतूद केलेली होती. त्याला म्हापशाला एका ओस पडलेल्या टीबी सॅनेटोरियममध्ये ठेवलं, ६४ दिवस.

त्याची आई लुसी डिसोझा कोर्टात गेली. मुंबई उच्च न्यायालयात 'लुसी डिसोझा विरुद्ध गोवा राज्य' म्हणून तो खटला नोंदला आहे. डॉमिनिक सुटला. कायदा मात्र न्यायालयाने चुकीचा ठरवला नाही. त्याची नोकरी गेली. उरलेल्या दिवसांत त्याने एचआयव्ही झालेल्यांसाठी काम उभं केलं आणि १९९२ मध्ये तो वारला. २००५ मध्ये ओनीरने 'माय ब्रदर... निखिल' काढला तो त्याच्यावरून सुचलेला. सिनेमात आईवडील तोंड फिरवतात आणि बहीण (जुही चावला) पाठीशी उभी राहते. प्रत्यक्षात आईने राज्य सरकारवर खटला भरला होता.

म्हापसा ते मँचेस्टर अंतर केवढं! पण कुलूप एकच होतं, आणि वर्षंही जवळजवळ तीच.

*

आता शेवटचा भाग, ज्याने आतेबहिणीची झोप उडवली.

रिची आजारी पडतो. आईला, व्हॅलरीला, हॉस्पिटलात आल्यावर एकदमच सगळं कळतं, की मुलगा गे आहे आणि मरणार आहे. ती त्याला उचलून बेटावर घरी नेते. जिल आणि रॉस्को मागोमाग जातात, तिथे खोली घेऊन राहतात आणि रोज विचारतात, भेटू का? आज नको, उद्या बघू. वर रिची आईला विचारत असतो, ते आलेत का? शेवटी समुद्रकाठच्या रस्त्यावर व्हॅलरी जिलला भेटते आणि सांगते, तो काल गेला.

जिल तिला जे सुनावते ते तुम्ही स्वतः ऐका, मी इथे लिहीत नाही. मथितार्थ असा, की ही लाज मुलांनी घरातून नेली होती, तुमच्याकडून. लाजेने त्यांनी आजार लपवला आणि लपवून तो दुसऱ्यांना दिला.

व्हॅलरी मुलावर प्रेम करत नव्हती असं मुळीच नाही. ती त्याला भरवते, पुसते, उशाशी बसते. फक्त दार लावून घेते. आणि मालिकेतल्या सगळ्या आया तशा नाहीत, कॉलिनची आई शेवटपर्यंत मुलाच्या आणि नंतर त्याच्या मित्रांच्याही जवळ राहते. रॉस्कोचा बापसुद्धा पुढे मुलासमोर येऊन माफी मागतो. म्हणून व्हॅलरीचं दार जास्त लागतं. ते उघडणं अशक्य नव्हतं.

त्या पिढीचा इतिहास लिहायला इतकी वर्षं का लागली, असं मी मनाशी विचारायचो. कायदे, वर्तमानपत्रं, सरकार ही कारणं आहेतच. पण पुष्कळसा इतिहास घरांनी मिटवला. आजाराचं नाव कॅन्सर किंवा न्यूमोनिया सांगितलं, फोटो जाळले, आणि ज्यांना सगळं माहीत होतं त्या मित्रांना दाराबाहेर ठेवलं. डेव्हिसने तीस वर्षांनी जी गोष्ट सांगितली ती बाहेर ठेवलेल्यांच्या बाजूने. खोलीत काय झालं ते जिलला माहीत नाही. पण त्याआधीची दहा वर्षं तिलाच माहीत होती.

*

आणि आता नातेवाईकांसाठी.

फोन ठेवता ठेवता आतेबहीण म्हणाली, "मला डोंबिवलीचे काका आठवले." मग जरा वेळ दोघंही बोललो नाही.

आमच्या धाकट्या काकांनी लग्न केलं नाही. डोंबिवलीला दोन खोल्यांत ते आणि त्यांचे एक मित्र राहायचे, अठरा वर्षं. आपण सगळे त्या मित्रांना 'काकांचे रूम-पार्टनर' म्हणायचो. दिवाळीत फराळाचा डबा दोघांच्या हिशेबाने जायचा, लग्नपत्रिकेवर मात्र एकच नाव असायचं. ते दोघं एकमेकांचे कोण होते, ते मला माहीत नाही. कुणीच कधी विचारलं नाही, आणि आता मी माझ्या मनाने काही ठरवूनही टाकणार नाही. दोन मित्र असतील. असतीलही.

१९९६ च्या पावसाळ्यात काकांना हार्ट ॲटॅक आला. रिक्षात घालून हॉस्पिटलात त्यांना याच गृहस्थांनी नेलं. आपण सगळे पोचलो तेव्हा खोली भरून गेली आणि ते बाहेर जिन्यावर जाऊन बसले. तीन दिवस ते जिन्यावर होते. काका गेले तेव्हाही.

अस्थी नाशिकला न्यायच्या होत्या. त्यांनी बाबांना विचारलं, मी आलो तर चालेल का? बाबा काही बोलले नाहीत. आत्या म्हणाली, घरच्यांनीच जायचं असतं. आणि हा निरोप सांगायला मला पाठवलं. मी एकोणीस वर्षांचा होतो. डोंबिवलीला गेलो, दारातच उभा राहिलो आणि म्हणालो, "काका, घरचेच जाणारेत." ते "बरं" म्हणाले. आत गेले, काकांचा चष्मा घेऊन आले. "हा हॉस्पिटलातून माझ्या खिशात राहिला, घेऊन जा." मी घेतला. आजपर्यंत मला कळलेलं नाही, की तो मी का घेतला. नको, राहू दे तुमच्याकडे, एवढं म्हणता आलं असतं.

मी आत्याला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. तिने भावाची सगळी सेवा केली, आणि तिला जे शिकवलं होतं तसं ती वागली. निरोप्या मी होतो. मँचेस्टरला पडदा लावून ती मालिका पाहत होतो तेव्हाही मला डोंबिवली आठवली नाही. आठवायला २०२१ उजाडावं लागलं, आणि समुद्रकाठी उभी असलेली ती मुलगी दिसावी लागली.

मध्यंतरी ब्रिटिशांनीच १८६० मध्ये आपल्याला दिलेलं ३७७ कलम, २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मोडलेलं आणि २०१३ मध्ये परत आलेलं, ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द केलं. चांगलंच झालं. पण डोंबिवलीच्या जिन्यावर बसलेल्या माणसाला कुठल्या कलमाने बसवलं नव्हतं. ते आपणच केलं होतं.

गेल्या वर्षी मी डोंबिवलीला जाऊन आलो. ती इमारत पाडून नवीन झालीय. त्यांचं कोकणातलं गाव कुठलं, ते पुढे कुठे गेले, हयात आहेत की नाहीत, तिथे कुणाला सांगता आलं नाही.

म्हणून एक मागणं आहे. आतेबहिणीच्या लग्नात एक ग्रुप फोटो काढला होता, त्यात काकांच्या शेजारी ते उभे आहेत असं मला अंधुक आठवतंय. ज्याच्याकडे तो अल्बम असेल त्याने तो फोटो स्कॅन करून पाठवावा. आणि त्यांचं गाव, नोकरी, काहीही माहीत असेल तर मला कळवा. आईला फोन करण्याऐवजी थेट मला केलात तरी चालेल.

चष्मा माझ्याकडे आहे अजून. तो त्यांना परत द्यायचा आहे.